साखळीआबांचे दोन आणे

साखळीआबांच्या तोंडून 'जवळ' आणि 'लांब' हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. उरवड्यात त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा मी सहज विचारलं होतं, "एसटीचा थांबा लांब आहे का हो?" ते ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या टाचांच्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकवीस साखळ्या. ह्या चपलांनी तीस धरा." मी परभणीची. आमच्याकडे 'हे काय, इथंच' म्हटलं की कोसभर चालायची तयारी ठेवायची असते. या मोजूनमापून दिलेल्या उत्तराची मला गंमत वाटली, चपलांवरून थोडा रागही आला. पण खोली हवेशीर होती, म्हणून घेतली.

आबांची सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात गेली, साखळी ओढण्यात. मोजणीदार साहेब टेबल मांडून नकाशा काढायचे आणि आबा चिखलातून, काट्याकुट्यातून साखळीचं टोक घेऊन पळायचे. ही साखळी लोखंडी कड्यांची, तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, आणि एकेका भागाला म्हणायचं आणा. म्हणजे एक आणा साधारण दोन फुटांचा. पुढे खात्यात नवी यंत्रं आली, जुन्या साखळ्या निकालात निघाल्या, तेव्हा आबांनी आपली साखळी रीतसर अर्ज करून घरी आणली. देवघराशेजारच्या खुंटीवर ती टांगलेली असायची. दर रविवारी आबा ती उतरवायचे, कडी न् कडी पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे. आजी आतून म्हणायच्या, "माज्या केसांना कवा येवढं त्याल लावलं न्हाई ह्यांनी." आबा ऐकू न आल्यासारखं करायचे.

ताम्हिणीपासून पिरंगुटपर्यंत कुठला हद्दीचा दगड कुठे पुरलाय, हे आबांना पाठ होतं. वाटेत एखादा दगड दिसला की ते थांबायचे, चप्पल काढून अंगठ्याने त्याला हलकेच ढोसायचे आणि पुढे चालू लागायचे. निवृत्तीनंतरही बांधावरून भांडण लागलं की लोक आबांना बोलवायचे. कोर्टात वर्षानुवर्षं घासण्यापेक्षा आबांचा शब्द बरा, असं गावोगाव मानत. आबा जायचे, मोजायचे, चार शब्दांत निकाल द्यायचे आणि निघायचे. चहाबद्दल त्यांचा एक नियम होता. "घेतला तर दोनी घरचा, न्हाईतर कुणाचाच न्हाई." त्यामुळे त्यांना पुष्कळदा कडक उन्हात कोरड्या घशाने परत यावं लागे.

मी पुण्यातल्या एका खाजगी कंपनीत उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे तयार करण्याचं काम करत होते. नोकरी नवी होती आणि मला तिची घमेंड होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत घरोघरी काँप्युटरसुद्धा नव्हते आणि मी आकाशातून काढलेलं चित्र पडद्यावर मोठं करून बघायची. एका वर्षी जिल्ह्यात पावसाने कहर केला. दरडी आल्या, ओढ्यांनी पात्रं बदलली, भातखाचरं गाळाने भरली. नुकसान कुठे किती झालं आणि पुढच्या पावसाळ्यात कुठल्या वाड्यांना धोका आहे, याचा नकाशा करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. मुळशी तालुक्याचा भाग आमच्या साहेबांनी माझ्याकडे दिला, कारण काय, तर उरवडं मुळशीत आणि मी तिथे राहते.

दिवाळीच्या सुमाराला ढग नसलेलं चित्र मिळालं. पावसाआधीचं एप्रिलमधलं एक आणि हे एक, अशी दोन्ही शेजारी ठेवून जिथे फरक दिसेल तिथे लाल रंग द्यायचा, ही कामाची रीत. दोन्ही चित्रांच्या मोठ्या छापील प्रती मी घरी आणल्या. आबांनी चष्मा लावला, कागद फिरवून आधी उत्तर दिशा लावून घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "झाडं तांबडी का दिसत्यात?" हिरवळ अशा चित्रांत लालच दिसते, हे मी समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आन् हे काडलं कुणी?" म्हटलं, "उपग्रहाने. आकाशातून." आबांनी मान हलवली. "लई भारी काम हाय. पन त्यो हितं खाली कवा आला व्हता का?"

मी हसले. दुसऱ्याच मिनिटाला माझं हसू जिरलं. कोळवणच्या खोऱ्यात मी ठिकठिकाणी लाल ठिपके दिले होते. एप्रिलमध्ये तिथे काळे डाग होते, दिवाळीत ते नाहीसे झाले होते, काँप्युटर म्हणत होता की जमीन पार बदलली आहे. आबांनी एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्यो कुनाचा तरी राब. ह्योबी राब. हा तर आमच्या मेव्हण्याचा राब." भाताचं रोप टाकण्याआधी इथले लोक त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून तो भाजून काढतात. मी ज्वारी-कापसाच्या मुलखातली, राब कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. पूर्ण खोऱ्यातल्या राबांची मी नुकसानीत नोंद केली होती. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आजी पाणी घेऊन आल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला 'नकाशाबाई' म्हणायला सुरुवात केली, आणि मी साहेबांना सांगितलं की जागेवर जाऊन पडताळणी करताना मला हा माणूस बरोबर हवा.

जीपमध्ये आबा पुढे बसायचे, साखळी मांडीवर. मी जिथे लाल दाखवलं होतं तिथे उतरायचं, बघायचं, खरं-खोटं लिहून घ्यायचं. हिरव्या जागा, म्हणजे ज्यांना धोका नाही अशा, आम्ही सोडून देत होतो, कारण वेळ नव्हता. ताम्हिणीच्या वरच्या अंगाला एक वाडी होती. अकरा घरं, वर उतारावर त्यांची वावरं, आणि त्याच्यावर कारवीचं दाट रान. लोक तिला वरची वाडी म्हणत. माझ्या चित्रात तिथे सलग झाडी दिसत होती, एक ओरखडासुद्धा नव्हता. मी तिला हिरवा रंग दिला होता.

घाटातल्या ढाब्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. वरच्या वाडीचा धोंडू तिथे भेटला. आबांना बघताच तो पुढे आला. "आबा, किसननं दगड परत हालवला. तुमी येवढं चार मानसांत सांगून बी."

हे प्रकरण मला तिथेच कळलं. किसन आणि धोंडू चुलतभाऊ. किसनचं वावर वर, धोंडूचं त्याला लागून खाली. दोन वर्षांपूर्वी मधला दगड खाली सरकलेला आढळला, म्हणजे किसनची जमीन वाढली आणि धोंडूची घटली. आबांना बोलावलं गेलं. वाडीशेजारी एक मोठा कातळ आहे, त्यावर खात्याची छिन्नीने पाडलेली खूण आहे. तिथून दगडापर्यंत पाच साखळ्या नऊ आणे असायला हवेत, भरले पाच साखळ्या आठ आणे. आबांनी निकाल दिला, "दगड हालवलाय." कुणी हलवला हे ते बोलले नाहीत, पण किसनकडे बघितलं. वाडीला तेवढं पुरलं, दगड मात्र होता तिथेच राहिला.

आबांनी कप खाली ठेवला. "परत हालवला तो कवा?"

"ह्याच पावसात. श्रावणात बगितला तर आनकी खाली."

"ह्या पावसात?" आबा म्हणाले. "आरं, ह्या पावसात मानूस मुतायला भाईर पडत न्हवता. दगड उपटायला कोन जाईल?" आणि चहा अर्धा टाकून ते उठले.

वाडीपर्यंत चढ आहे. सत्तरीच्या घरातला तो माणूस माझ्या पुढे चढत होता आणि एकदाही थांबला नाही. कातळावरच्या खुणेशी त्यांनी साखळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. उतारावर साखळी जमिनीलगत टाकत नाहीत; ती आडवी ताणून, पायऱ्या-पायऱ्यांनी वर जायचं असतं. तासाभरात माझे हात भरून आले. दगडापाशी आबा म्हणाले, "पाच साखळ्या सात आने." म्हणजे मुळापेक्षा दोन आणे कमी. दगड चार फूट खाली आला होता. मला वाटलं, झालं. पण आबा वर चालू लागले. किसनच्या वावराच्या वरच्या अंगाला, रानाच्या हद्दीवर आणखी दोन दगड होते. तेही मोजले. तेही दोन-दोन आणे खाली.

आबा तिथेच बसले. चप्पल काढली, अंगठ्याने तो दगड ढोसला. मग म्हणाले, "ह्या दगडानं तर किसनचीच जमीन घटती. स्वताच्या घरावर कोन दरोडा घालील?" मला अजून नीट समजलं नव्हतं. ते पुढे म्हणाले, "दगड न्हाई हालला, नकाशाबाई. डोंगर हाललाय."

आम्ही कारवीत शिरलो. शंभर पावलांवर भेग सापडली. पालापाचोळ्याखाली, हात घालावा एवढी रुंद, आणि दोन्ही बाजूंना झाडीत दूरवर गेलेली. वरून बघणाऱ्याला तिथे फक्त रान दिसणार होतं, तसंच ते मलाही दिसलं होतं. माझ्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचं एक आख्खं घर, हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग दोन आने त्यात कुटं मावायचे." त्यात टोमणा नव्हता. मला मात्र खाली वाडीतल्या चुलींचा धूर दिसत होता, आणि त्या वाडीला मी हिरवा रंग दिला होता.

उतरताना आबा एवढंच बोलले. "दगड येकटा मोजायचा न्हाई. आमाला पैल्या दिवशी शिकीवलं व्हतं. त्या वक्ताला मी येकच मोजला." मोजणी खात्यातल्या माणसाची ती चूक होती आणि तितकीच गावातल्या माणसाची. दगड सरकला म्हटलं की इथे सगळ्यांच्या मनात आधी भाऊबंद येतो, डोंगर कुणाच्या मनात येत नाही.

किसन दारात बसून टोपली विणत होता. आम्हाला बघून उठला नाही. आबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि घरातल्यांना, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "किसना, दगड तू हालवला न्हाईस. मी चुकलो. तुला मी चोर केला." एवढं सरळ कबूल करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही फारसे पाहिले नाहीत.

किसनने हातातली कामटी खाली ठेवली. "दोन वर्सं झाली, आबा," तो म्हणाला. "माजा चुलता गेला, धोंडूचा बाप. मला खांदा द्यू दिला न्हाई."

आबांनी भेगेचं सांगितलं, पावसाआधी वाडी खाली न्यायला पाहिजे म्हणाले. किसन हसला, ते हसणं चांगलं नव्हतं. "आदी तुमच्या शब्दानं चोर झालो. आता तुमच्याच शब्दानं घर सोडू व्हय?" आजूबाजूला जमलेल्यांनीही माना हलवल्या. अकरा घरांचा प्रश्न होता, आणि तो ज्या शब्दावर सुटायचा तो शब्द एकदा खोटा ठरलेला होता. माझ्या नकाशाचा काही उपयोग नव्हता. त्यात वाडी हिरवीच होती.

आबांनी खांद्यावरची साखळी काढली आणि किसनपुढे धरली. "माजा शब्द नगं. तू मोज." दुसरं टोक त्यांनी धोंडूच्या हातात दिलं, तो आमच्या मागोमाग चढून आला होता. दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. पण साखळी मुक्याने ओढता येत नाही. 'ताण' म्हणावं लागतं, 'धर' म्हणावं लागतं, 'सोड' म्हणावं लागतं. पहिल्या दोन साखळ्या त्यांनी खुणांनी रेटल्या, तिसरीला साखळी घसरली आणि धोंडू ओरडला, "आरं किसना, वर धर की." मग ते बोलू लागले. सगळी वाडी मागून चढत होती. आबा खाली कातळावर बसून राहिले, मुद्दाम. तिन्ही दगडांचे आकडे किसनने स्वतः मोठ्याने म्हटले, आणि शेवटचा आकडा म्हणताना त्याचा आवाज खाली आला. त्यानंतर त्याने धोंडूला घेऊन ती भेग बघितली.

माझी पाळी दुसऱ्या दिवशी आली. हिरव्या जागांचा नकाशा पडताळणीआधीच साहेबांकडे देऊन झाला होता आणि तो पुढेही गेला होता. साहेब म्हणाले, "चित्रात काही नाही, तर आपण कशाच्या आधारावर बदलणार?" एरवी मी गप्प बसले असते, नोकरीत अजून कायम झाले नव्हते. पण आदल्या दिवशी मी एका म्हाताऱ्याला दारात उभं राहून 'मी चुकलो' म्हणताना ऐकलं होतं. मी म्हटलं, "माझी चूक म्हणून माझ्या नावाने पाठवा." साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पाठवलं. पौडच्या तालुका कचेरीत आबा साखळी खांद्यावर टाकून स्वतः गेले. मग भूगर्भाचे जाणकार येऊन भेग बघून गेले, आणि पावसाच्या तोंडावर अकरा घरं खाली रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. पत्रे तापायचे, पाण्याचे हाल होते. लोक आबांना शिव्या देत, आबा ऐकून घेत आणि दर आठवड्याला जाऊन येत.

त्याच पावसाळ्यात डोंगर खाली आला. वाडीवरून सरळ ओढ्यापर्यंत गेला. तिथे एकही माणूस नव्हता. एक भाकड म्हैस मोकाट वर गेली होती, ती गेली.

दिवाळीत नवं चित्र आलं. तांबड्या रानात आता एक फिकट ओघळ स्वच्छ दिसत होता. आता ते कुणालाही दिसलं असतं. मी प्रत घेऊन आबांकडे गेले. मला वाटलं होतं त्यांना समाधान वाटेल. त्यांनी चष्मा लावला, उत्तर लावून घेतली आणि ओघळावर बोट फिरवत राहिले. "किसनचं वावर गेलं," ते म्हणाले. "धोंडूचंबी गेलं. आता भांडायला बांधच न्हाई." मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

पुढे आबांचे गुडघे कामातून गेले. कुठून बोलावणं आलं की ते म्हणायचे, "किसनला न्या." रस्त्याकडेच्या नव्या घरातून किसन एसटीने उरवड्याला यायचा, आबांच्या हाताखाली शिकायचा, आणि एके दिवशी साखळी त्याच्याच खुंटीवर गेली. ज्याला वाडीने दगडचोर म्हटलं होतं, त्याला लोक बांध मोजायला नेऊ लागले. चहा तोही दोन्ही घरचा घ्यायचा, नाहीतर कुणाचाच नाही.

मी आता पुण्यात राहते, काम तेच करते. चित्रं कितीतरी बारीक झाली आहेत, एका घराचे शेकडो ठिपके दिसतात. तरी गावाला हिरवा रंग देण्याआधी भरायच्या कागदात मी एक प्रश्न घातला आहे: 'गावात हद्दीच्या दगडावरून भांडण चालू आहे काय? असल्यास आजूबाजूचे सगळे दगड मोजले काय?' नवी मुलं तो वाचून हसतात. हसू देत, पण भरायला लावते.

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिली एसटी धरली. पोचले तर उचलायची तयारी झाली होती. आजींपाशी ओट्यावर बसले. आबांच्या थोरल्या मुलाने खांदा दिला, आणि दुसऱ्या बाजूला पुढे किसन उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. मागे धोंडू होता. गल्लीच्या वळणावर ते दिसेनासे झाले.

परत आल्यावर किसनने दारातल्या बादलीतलं पाणी पायांवर घेतलं आणि माझ्यापाशी येऊन उभा राहिला. खांद्यावरचा सदरा घामाने चिकटला होता.

"घरापासनं नदीपातुर अडतीस साखळ्या," तो म्हणाला. "मी खांदा बदलला न्हाई."